कावूतीच्या वाळूतलं पाणी

कासिवा लग्न होऊन कितांदीला आली, तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळीच सासू तिला नदी दाखवायला घेऊन गेली. टेकडी उतरून दोघी खाली आल्या, तर समोर नुसती वाळू. पांढरी, रुंद, वळणं घेत दूर गेलेली. मधोमध एक गाढव लोळत होतं.

"नदी कुठाय?" कासिवाने विचारलं.

"तू नदीतच उभी आहेस," सासू म्हणाली.

कासिवा म्बूनीच्या डोंगरातली. तिकडे झरे आटत नाहीत, आणि पाणी म्हणजे आवाज करणारी वस्तू असते. तिला वाटलं, म्हातारी नव्या सुनेची थट्टा करतेय. पण सासू गुडघे टेकून खाली बसली आणि हातांनी वाळू उकरू लागली. कोपरापर्यंत हात आत गेला तशी वाळू काळपट, ओली लागली. मग खड्ड्याच्या तळाशी पाणी हळूहळू गोळा झालं. सासूने तुंब्याने ते उचललं आणि आधी सुनेला दिलं. पाणी गार होतं आणि त्याला कसलाही वास नव्हता.

"आता ऐकून ठेव," सासू म्हणाली. "बुडाला काजळी धरलेलं भांडं इथे आणायचं नाही. जनावरांचा खड्डा वेगळा, माणसांचा वेगळा. आणि घराण्याच्या मोठ्या खड्ड्यात कडेला पांढरा दगड रुतवलेला आहे. पाणी त्या दगडाखाली गेलं की हात आवरायचा. मागून येणारीलाही घागर भरायची असते."

कावूती नदी वर्षातून दोनदा खरीखुरी वाहायची, तीही थोडेच दिवस. तांबडा लोंढा यायचा, झाडं-झुडपं, एखादी शेळी घेऊन जायचा, आणि मागे पुन्हा वाळू. तो ओलावा पुरेपर्यंत कितांदी सुखात. मग खड्डे खोल व्हायचे आणि शेवटी बायका गाढवं हाकत अथी नदीच्या वाटेला लागायच्या. पहाटे निघालेल्या, ऊन डोक्यावरून उतरल्यावर परत. कासिवाने ती वाट पुष्कळ तुडवली. तिचा नवरा माइंगी मोंबासाच्या बंदरावर हमाली करायचा आणि नाताळात घरी यायचा, तेव्हा त्या वाटेबद्दल त्याला सांगून काही उपयोग नसे. तो म्हणायचा, "मोंबासाला पाणीच पाणी आहे, पण पिता येत नाही."

त्या वाटेवर तिची सोबतीण होती कालोंडू. माइंगीच्या चुलतभावाची बायको, म्हणजे कासिवाची थोरली जाऊ. कालोंडूचं घर नदीच्या खालच्या अंगाला, उंबराच्या पलीकडे. तिची जीभ तिखट होती आणि हसणं मोठं. एकदा अथीहून परतताना कासिवाला वाटेतच कळा सुरू झाल्या. कालोंडूने दोन्ही गाढवं बाभळीला बांधली, आपलं लुगडं पसरलं आणि तिथेच तिचं बाळंतपण उरकलं. मुलगी झाली. तिचं नाव कामेने. "पाणी आणायला गेली आणि पोर घेऊन आली," असं कालोंडू पुढे वर्षानुवर्षं सांगत राहिली. प्रत्येक वेळी तिच्या गोष्टीतलं गाढव अधिक शहाणं होत गेलं.

कामेने रांगायला लागली त्या सुमारास नदीवर भिंत बांधायचं ठरलं. पलीकडच्या खोऱ्यात अशी भिंत झाली होती. नदीच्या पात्रात खडक लागेपर्यंत खणायचं आणि खडकावर आडवी सिमेंटची भिंत घालायची. लोंढा आला की वाळू भिंतीमागे अडते, आणि वाळूच्या पोटात पाणी. उन्हाला ते दिसत नाही म्हणून उडतही नाही. सिमेंट एका संस्थेने दिलं. दगड, वाळू आणि अंगमेहनत कितांदीची. बायकांची सावड होतीच. एकीच्या शेतात आज सगळ्यांनी खुरपायचं, उद्या दुसरीच्या. तीच सावड नदीत उतरली.

सबंध उन्हाळा बायका दगड वाहत होत्या. रांग करून दगड हातोहात पुढे द्यायचा, आणि रांगेत कासिवाच्या आधी कालोंडू. त्या रांगेत गाणी होती, कुचाळक्या होत्या, आणि पाठीवर बांधलेली पोरं होती. सासू म्हातारी झालेली, तरी रोज एखादा दगड उचलून आणायचीच. "माझा पण एक आत असू दे," म्हणायची. भिंत झाली, आणि पहिल्या पावसात मागे अर्धीच वाळू साठली. लोक म्हणाले, फुकट घाम गाळला. दुसऱ्या पावसाने भिंत काठोकाठ भरली. त्यानंतरच्या कोरड्या महिन्यांत कितांदीचं एकही गाढव अथीच्या वाटेला लागलं नाही. सासूने ते वर्ष पाहिलं आणि पुढच्या वर्षी ती गेली.

मग कासिवाने घराकडे लक्ष दिलं. एक गोष्ट जमली की दुसरी करायची, असा तिचा स्वभाव. उतारावर चर खणून माती वरच्या अंगाला फेकली आणि शेताच्या पायऱ्या केल्या. मूग, तूर, ज्वारी लावली. पत्र्याच्या छपराला पन्हळ लावून पावसाचं पाणी टाकीत घेतलं. बियाणं मात्र ती सासूसारखंच राखायची: कणसं चुलीवर आढ्याला टांगून धुरात काळी होऊ द्यायची, मुगाला राख चोळायची. गोबरगॅस आला तेव्हाही तिने चूल मोडली नाही. "गॅसला धूर नाही, हे चांगलंच," ती म्हणायची, "पण बियाण्याला धूर कुठून आणू?" माइंगीने एका नाताळात सोलरची पाटी आणली. घरात दिवा आला, रेडिओ आला, आणि संध्याकाळी शेजारपाजारचे फोन चार्जिंगला यायला लागले. फोनबरोबर बातम्याही यायच्या.

एके वर्षी माइंगी नाताळाआधीच आला, कुबड्यांवर. बंदरावर पेटी घसरून त्याच्या पायावर पडली होती. पाय वाचला, पण गुडघा वाकेना. तो आता कायमचा घरी राहणार होता.

इतकी वर्षं पाहुण्यासारखा आलेला नवरा रोज घरात बसायला लागला, तसं कासिवाला घर लहान वाटायला लागलं. तो दिवसभर सल्ले द्यायचा. मधमाश्यांच्या पोकळ ओंडक्यांना, शेळ्यांना, गॅसच्या शेगडीला.

"ती झडप उलटी बसवलीय," तो म्हणायचा.

"चार वर्षं उलटीच चालतेय, कामेनेचे बाबा," ती म्हणायची. "तुम्ही सुलटी केलीत तर बंद पडेल."

मग त्याला बंदरावरून भरपाई मिळाली. त्यातून काय घ्यायचं यावर घरात फार चर्चा झालीच नाही. तो कुणाच्या तरी गाडीतून वोटेच्या बाजारात गेला आणि पंप घेऊन आला. सोलरवर चालणारा, निळ्या रंगाचा, कोकराएवढा. भिंतीच्या वरच्या अंगाला वाळूत त्याने सिमेंटची कडी उतरवून विहीर करवली, काठावर सोलरच्या पाट्या उभ्या केल्या, आणि नळी थेट टेकडीवरच्या टाकीत सोडली. पहिल्यांदा पाणी वर आलं तेव्हा माइंगी टाकीपाशी उभा होता. बंदरावर त्याने आयुष्यभर दुसऱ्याचं सामान वर चढवलं होतं. हे पहिलंच त्याचं स्वतःचं.

कासिवाला ते आवडलं, यात खोटं सांगण्यासारखं काही नाही. घागर डोक्यावरून उतरली. घराभोवती पालेभाजी, टोमॅटो, पपई. लांबलांबचे लोक बघायला यायला लागले. एक पाहुणे मंडळ आलं, त्यांनी तिचे फोटो काढले. ती त्यांना पायऱ्या दाखवायची, गॅस दाखवायची, ओंडक्यांतल्या मधमाश्या दाखवायची. शेवटी नळ सोडायची, आणि तेव्हा पाहुणे हमखास माना डोलवायचे. तिला हे शेवटी करायला आवडायचं. जुनी घागर तिने कोंबडीला अंडी उबवायला दिली.

पंप लावताना तिने गावाला विचारलं नव्हतं. विचारायचं तिच्या डोक्यातच आलं नाही. विहीर त्यांच्या शेताच्या हद्दीला लागून होती, आणि वाळूखालचं पाणी कुणाचं, हा प्रश्न तोवर कितांदीत पडलाच नव्हता. हाताने उकरणारा माणूस किती नेणार?

तिसऱ्या वर्षी पाऊस चुकला. लोंढा आला, पण गुडघाभर, आणि संध्याकाळपर्यंत ओसरला. थंडीच्या दिवसांत भिंतीखालचे खड्डे कोरडे पडायला लागले. भिंतीतून आणि तिच्या बगलेने जो पाझर खाली यायचा, त्यावरच खालच्या अंगाची घरं जगायची. त्यांत पहिलं घर कालोंडूचं. कालोंडूचा नवरा वारला होता. मुलगा नैरोबीत, आणि घरी ती आणि सून मुथेऊ.

एका सकाळी कालोंडू टेकडी चढून आली. कासिवा टोमॅटोला काठ्या बांधत होती.

"माझा खड्डा आता छातीएवढा झालाय," कालोंडू म्हणाली.

"पाऊस नाही जाऊबाई. सगळ्यांचंच तसं आहे."

"तुझे टोमॅटो बरे लालबुंद आहेत. पाऊस नाही हे त्यांना कुणी सांगितलं नाही वाटतं."

कासिवाला ते लागलं. ती म्हणाली, "मी काय तुमच्या खड्ड्यातलं ओढतेय? माझी विहीर वरच्या अंगाला आहे. नदी काही मी बांधून ठेवलेली नाही. तुम्हीही लावा पंप."

"लावते की. पण पंप यायला नवऱ्याचा पाय मोडावा लागतो, आणि माझा नवरा तर पायांसकट गेला."

आतून माइंगी हसला. त्याला असल्या बोलण्याचं वाईट वाटत नसे. कासिवा मात्र हसली नाही. ती काठी बांधत राहिली. कालोंडूने एक टोमॅटो हातात घेऊन पाहिला, न तोडता सोडून दिला, आणि ती उतरून गेली.

"दुपारपुरता बंद ठेवू या का?" माइंगीने विचारलं.

"फुलं धरलीत," कासिवा म्हणाली. "फळ धरू दे. मग बघू."

फळ धरलं. मग ते मोठं होऊ द्यायचं होतं, मग पिकू द्यायचं होतं. कालोंडू पुन्हा आली नाही. बाजारात समोरासमोर आल्या तर ती इकडेतिकडे बघायची नाही, सरळ बघायची, आणि काही बोलायची नाही. ते जास्त वाईट होतं. कासिवा घरी येऊन म्हणायची, "मला पाण्यात पाहते ती," आणि माइंगी म्हणायचा, "पाण्यात पाहायला तिच्याकडे पाणी कुठाय?"

खड्डा ढासळला तो दिवसाउजेडी, लख्ख उन्हात. कासिवा वरच्या पायरीवर होती. खालून मुथेऊची किंकाळी आली आणि थांबेचना. कासिवा हातातली नळी टाकून उतार धावत सुटली.

खड्डा आता माणसापेक्षा खोल गेला होता. कडांना आधार द्यायला काटक्या लावल्या होत्या, पण कोरड्या वाळूला आधार कसला? कालोंडू तळाशी तुंबा भरत असताना एक बाजू घसरली होती. वर फक्त डोकं आणि एक हात दिसत होता. मुथेऊ कडेवर पालथी पडून वाळू ओढत होती आणि तिच्या ओढण्याने आणखी वाळू आत जात होती.

"मागे हो," कासिवा म्हणाली. "कडेवर वजन नको."

तिने मुथेऊला हाका मारायला पिटाळलं आणि स्वतः खड्ड्यात उतरली. ते शहाणपणाचं नव्हतं, पण दुसरं काही सुचलं नाही. ती दोन्ही हातांनी वाळू उपसत राहिली, जसं सासूने पहिल्या दिवशी दाखवलं होतं तसं, आपल्याकडे ओढून. जेवढी काढावी त्याच्या अर्धी परत यायची. कालोंडूचा श्वास तोकडा चालला होता. तिचं तोंड कासिवाच्या कानापाशी होतं.

"पंप चालूच ठेवून आलीस ना?" कालोंडू म्हणाली. "ऐकू येतोय."

खरोखरच ऐकू येत होता. भिंतीच्या पलीकडून, बारीक, एकसुरी. कासिवा आणखी जोराने वाळू उपसू लागली.

बायका धावत आल्या. कुणी घमेली आणली, कुणी दार उखडून आणलं. दार कडेला आडवं घालून त्यांनी वाळू रोखली आणि कालोंडूला काखेत दोर घालून वर काढलं. ती जिवंत होती. उजवा खांदा आणि त्याखालचं हाड मोडलं होतं. तिला मोटरसायकलवर मध्ये बसवून, मागून मुथेऊने धरून, वोटेच्या दवाखान्यात नेलं.

कासिवा नदीतून थेट विहिरीवर गेली. तिला पंपाचं काही कळत नव्हतं, म्हणून तिने सोलरच्या पाट्यांवर आपलं लुगडं टाकलं. पंप थांबला. मग माइंगी लंगडत आला आणि त्याने तारा सोडल्या. तिने पंप उचलून धान्याच्या कोठीत नेऊन ठेवला, तुरीच्या पोत्यांमागे.

"किती दिवस?" त्याने विचारलं.

"मला काय माहीत," ती म्हणाली.

टोमॅटो आठवड्याभरात माना टाकून बसले. पपई जगली. तिने कोंबडीखालची घागर काढली, घासली, आणि डोक्यावर पंचाची चुंबळ करून नदीवर जायला लागली. रस्त्यात लोक बघायचे. काही जणी म्हणायच्या, बरी जिरली. काही जणींच्या शेळ्या तिच्या टाकीखालच्या डोणीत पाणी प्यायच्या, त्यांना पंप बंद झाल्याचं दुःख होतं. कालोंडूकडे ती दोनदा गेली. पहिल्यांदा मुथेऊने दारातूनच सांगितलं, झोपल्यात. दुसऱ्यांदा खरंच झोपली होती. कासिवाने मधाची बरणी उंबऱ्यावर ठेवली. ती नंतर रिकामी होऊन परत आली, धुतलेली, निरोपाशिवाय.

गावाची बैठक उंबराखाली भरली. किलोंझोकाका सगळ्यांत वडील, म्हणून त्यांनी सुरुवात केली आणि पुष्कळ वेळ ते वाडवडिलांविषयीच बोलले. मग बायका बोलल्या. भिंत सगळ्यांची, तेव्हा तिच्यामागचं पाणी एकीने यंत्राने ओढायचं नाही, असं बहुतेकींचं म्हणणं. पंप विकून टाका. कासिवा खाली बसली होती. तिला विचारलं तेव्हा ती उठून म्हणाली, "चूक माझी. विचारायला हवं होतं, विचारलं नाही. जाऊबाई सांगायला आल्या, तेव्हा ऐकलं नाही. पंप तुम्ही म्हणाल तिथे जाईल."

माइंगीने मान खाली घातली होती. तो पंप त्याचा पाय होता, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं.

तेव्हा कालोंडू बोलली. गळ्यात झोळी बांधून, त्यात हात ठेवून ती मागे बसली होती.

"विकायचा कशाला?" ती म्हणाली. "मला आता एकच हात आहे. मी काय तोंडाने वाळू उकरू?"

कुणीतरी हसलं.

"पंप लावा परत," कालोंडू म्हणाली. "पण पहिलं पाणी खालच्या अंगाला. उंबरापाशी टाकी बांधा. ती भरली की मग तिच्या टेकडीवर. आणि विहिरीत पांढरा दगड लावा. पाणी दगडाखाली गेलं की पंप बंद. हिच्या सासूने हिला सांगितलं नव्हतं का? मला तर सांगितलं होतं."

"सांगितलं होतं," कासिवा म्हणाली.

"मग झालं तर."

हे सगळं कालोंडूने मोठ्या मनाने केलं, असं काही लोक म्हणतात. कासिवाला तसं वाटलं नाही. तिला वाटलं, कालोंडू थकली होती आणि तिला पाणी हवं होतं, आणि तेवढं कारण पुरेसं आहे.

टाकी सावडीनेच बांधली. माइंगीला पुन्हा काम मिळालं. पंपावर सारखं कोण लक्ष ठेवणार, म्हणून त्याने बाजारातून तरंगता खटका आणला. पाण्याबरोबर तो खाली जातो आणि ठरलेल्या जागी पंप आपोआप थांबतो. तो कुठे बसवायचा यावर दोन दिवस वाद झाला. शेवटी किलोंझोकाकांना खुर्चीवर बसवून विहिरीपाशी आणलं. त्यांनी जुन्या खड्ड्यांच्या अंदाजाने काठीने खूण केली, तिथे सिमेंटमध्ये पांढरा दगड बसवला आणि दगडाच्या पातळीला खटका. माइंगीच्या मते खूण वीतभर वर झाली होती. तो अजूनही तसं म्हणतो.

कासिवाने टोमॅटो सोडले. कोरड्या शेतात तिने हातभर रुंदीचे खड्डे घेतले, त्यांत शेणखत आणि पाला भरला आणि ज्वारी-मूग लावले. चार थेंब पडले तरी ते खड्ड्यात थांबायचे. पालेभाजी धुण्या-भांड्यांच्या पाण्यावर. फोटो काढणारं मंडळ पुन्हा आलं तेव्हा त्यांना घर आधीपेक्षा कमी हिरवं दिसलं. एका बाईने विचारलंही, काही अडचण आली का? कासिवा म्हणाली, "नाही. पाणी वाटून घेतलं." त्या बाईने ते लिहून घेतलं.

कालोंडूचा हात खांद्याच्या वर कधी गेला नाही. ती आणि कासिवा बोलतात. सावडीत शेजारी बसून तूर निवडतात. पण अथीच्या वाटेवरच्या बाळंतपणाची गोष्ट कालोंडूने त्यानंतर कासिवासमोर सांगितली नाही. तिच्या मागे सांगते, असं कामेने म्हणते. कामेने आता माचाकोसला शिक्षिका आहे. सुट्टीत आली की ती आधी कालोंडूकाकूकडे जाते आणि मग घरी.

गेल्या वर्षी विजेचे खांब मोठ्या रस्त्यापर्यंत आले. पुढे टेकडीवर कधी येतील, ते खांबवाल्यांनाही ठाऊक नाही, आणि कासिवा विचारायला गेली नाही. तिचे गुडघे आता नदीपर्यंतची उतरण मानत नाहीत. पंपाचं काम कुणाकडे द्यायचं, असा प्रश्न आला तेव्हा तिने मुथेऊचं नाव सुचवलं. खालच्या अंगाची सून वरची विहीर सांभाळणार, याला कुणी हरकत घेतली नाही. फक्त माइंगी कुरकुरला, आणि मग त्यानेच तिला शिकवायला घेतलं. पाट्या कशा पुसायच्या, नळीत हवा अडकली तर काय करायचं.

"झडप या बाजूला," तो सांगत होता.

"ती उलटी बसलीय, काका," मुथेऊ म्हणाली.

"असू दे. चालतेय."

पहिल्या दिवशी मुथेऊने उंबरापाशीची टाकी भरली. मग टेकडीवरची टाकी निम्मी होते न होते तोच तिने पंप बंद केला. पाणी अजून दगडाच्या बरंच वर होतं. कासिवाला घरात बसून नळीतला आवाज थांबलेला कळला. ती दारापर्यंत आली, खाली बघितलं. मुथेऊ पाट्यांवर फडकं टाकून कालोंडूच्या घराकडे निघाली होती.

"हाक मारू का?" माइंगीने विचारलं.

"नको," कासिवा म्हणाली. ती आत गेली आणि तिने मक्या-घेवड्याचं भांडं गॅसवर चढवलं.